न्हाणीची फरशी

सूर्यभान : वहिनी, तुमी झरीहून उन्हाच्या आल्यात म्हणून सांगतो. दोघींनी एकच टाईल घेतली तर भाव बसवून देतो. अलग अलग घेतली तर माझा इलाज न्हाई.

राजेश्री : एकच कामून घ्यायची? सैपाकघरं दोन झाली नं आता.

सविता : कमी भावात देतो म्हणायलेत ते, राजेश्री.

राजेश्री : म्हणू द्या, अक्का. मला ही निळ्या फुलांचीच पाहिजे. वरपर्यंत, पार स्लॅबला टेकेपर्यंत.

सूर्यभान : जावा-जावा का तुमी?

सविता : हां. मी थोरली, ही धाकटी. भाऊ-भाऊ वायले निघाले दिवाळीला. सैपाकघरात मधून भिंत घातलीय.

सूर्यभान : अन् मालक मंडळी न्हाई आली?

राजेश्री : ते एका गाडीवर बसनात. मग आमीच आलाव, एसटीनं.

सूर्यभान : बरं. बजेट काय धरलंय?

सविता : दोघींना पंधरा-पंधरा हजार दिलेत. खालची फरशी, ओटा, भिंती, समदं त्यातच.

सूर्यभान : निळी वरपर्यंत घेतली तर काठोकाठ जाईल, पण बसंल. तुमची कोणती, मोठ्या वहिनी?

सविता : माझं ऱ्हाऊ द्या. न्हाणीसाठी काय हाय ते दाखवा.

राजेश्री : न्हाणीचं कुठं काय ठरलंय, अक्का?

सविता : ठरलं न्हाई म्हणूनच. न्हाणी दोघांत एकच ऱ्हायली. हे म्हणतात, भागवतनं अर्धे टाकावेत. भागवत भाऊजी म्हणतात, थोरल्यानं करावं. तवर ती जुनी फरशी शेवाळून गेली. आत्याबाई दोनदा घसरल्या.

सूर्यभान : सासूबाई?

सविता : हां. डोळ्यानं कमी दिसतंय त्यांना.

राजेश्री : दोनदा? मला तर एकदाच माहीत.

सविता : दुसऱ्या खेपेला माझ्या अंगावर आल्या. मी खाली, त्या वर. म्हणून वाचल्या.

राजेश्री : अन् तुमी?

सविता : मला काय झालंय? कंबर धरलीय जरा.

सूर्यभान : हे बघा, ही खरबरीत. साबणाचं पाणी सांडलं तरी पाय सरकत न्हाई. खाली ही, भिंतीला कमरेइतकी साधी पांढरी. मिस्त्रीची मजुरी धरून सात हजारात न्हाणी उठंल.

सविता : मग माझ्या सैपाकघरात ओट्याच्या वर दोनच फूट टाईल धरा. फोडणीचे शिंतोडे उडतात तेवढ्यापुरती. वर चुना मारू. उरतील ते न्हाणीला.

राजेश्री : समदे तुमच्यातून?

सविता : तू तुझी निळी घे. मी काई म्हणायले का?

राजेश्री : हेच! तुमी काई म्हणतच न्हाई. गुमान करून मोकळ्या होता. गाव आधीच म्हणायलंय, धाकटीनं घर फोडलं. आता म्हणंल, थोरलीनं म्हातारीची न्हाणी बांधली अन् धाकटीनं भिंतीला फुलं लावली.

सविता : हळू बोल, दुकान हाय.

सूर्यभान : बोला, बोला. मी चहा सांगतो. टाईल घेताना इथं रोज कुणी ना कुणी भांडतंच.

राजेश्री : लगीन होऊन आले तवापासून तुमच्या हाताखाली सैपाक केला. कोणता डबा कुठं ठेवायचा तेबी तुमीच सांगायच्या. मला एक भिंत पाहिजे होती अक्का, माझ्या मनासारखी. एवढंच.

सविता : मी नको म्हणले न्हाई.

राजेश्री : मग न्हाणी काय एकट्या तुमचीच हाय?

सविता : कुणाचीबी असू दे. तिथं आत्याबाईला आंघोळ घालायला रोज मीच असते. एक दिस तरी तू आलीस का? रानातून यावं, चूल बघावी, मग त्यांना उचलावं, बसवावं, पुसावं. मी लय थकले, राजेश्री. आता थकले म्हणायचाबी कंटाळा येतो.

राजेश्री : आले होते मी.

सविता : कधी?

राजेश्री : तुमी येलदरीला गेल्या होत्या, तुमच्या माहेरी, तवा. पाणी काढलं, पाटावर बसवलं. लुगड्याला हात लावला, तर म्हणाल्या, तू नको. सविता आली की करीन. तुमी येईपर्यंत तशाच ऱ्हायल्या, पण मला हात लावू दिला न्हाई.

सविता : मला कुणी सांगितलं न्हाई हे.

राजेश्री : काय सांगायचं? सासूला माझा हात नको म्हणून?

सविता : लाजत्यात गं त्या. माझ्यापुढंबी आधी अंग चोरायच्या. कितीतरी दिवस नुसती पाठ चोळू दिली. मी बाहेर गेले की बाकीचं त्यांचं त्या करायच्या. मग हात उचलंना, तवा कुठं मला हाक मारली.

राजेश्री : मला वाटलं, माझ्यावरच राग हाय.

सविता : राग असता तर तोंडावर म्हणाल्या असत्या. त्या काय भितात कुणाला?

सूर्यभान : चहा घ्या. न्हाणीत खाली रंग कोणता? ही पांढरी जास्त चालते.

राजेश्री : पांढरी नको. आत्याबाईला पांढऱ्यावर पांढरं कळत न्हाई. स्टीलच्या ताटात भात वाढला की बोटानं चाचपत बसत्यात. भिंत पांढरी असू द्या, खाली गडद. भिंत कुठं संपली ते त्यांना दिसलं पाहिजे. ही लाल दाखवा.

सविता : तुझं ध्यान असतं व्हय त्यांच्या ताटाकडं?

राजेश्री : समोरच बसते की मी. सेठ, ह्याच्यावर पाणी वता. उभी राहून बघते.

सविता : अगं, पडशील!

राजेश्री : न्हाई सरकत. टाच रगडली तरी न्हाई. तुमी या, अक्का.

सविता : मला नको बाई.

राजेश्री : हात धरते. या. रोज तुमालाच उभं ऱ्हायचंय नं तिथं?

सविता : … हां. धरतीय पायाला. ही चालंल.

राजेश्री : मग लिहा, सेठ. न्हाणीचे निम्मे माझ्याकडून, निम्मे अक्काकडून. माझी निळी वरपर्यंत नको. डोक्याइतकी आली तरी बस झालं. पण निळीच द्या.

सविता : भागवत भाऊजीला काय सांगशील?

राजेश्री : भाव वाढला म्हणीन.

सूर्यभान : माझ्यावर नका ढकलू, वहिनी! पुढल्या खेपेला ते माझ्याशीबी बोलायचे न्हाईत. अन् तुमची कोणती, मोठ्या वहिनी? दोन फूट असली तरी रंग लागंल की.

सविता : कोणतीबी द्या. मला आता समद्या सारख्याच दिसायल्यात.

राजेश्री : कोणतीबी कशी? नीट बघा तरी.

सविता : डोकं चालंना गं. तूच सांग. मी बसते जरा.

राजेश्री : … ती फिक्की पिवळी द्या त्यांना. उजेड कमी हाय तिकडं.

*(काही दिवसांनी, झरीत. नव्या न्हाणीतली पहिली सकाळ. सासूबाई, बायनाबाई, पाटावर बसल्या आहेत.)*

बायनाबाई : सविता, पाणी काढलं का गं?

राजेश्री : मी हाय, आत्याबाई. राजेश्री.

बायनाबाई : सविता कुठंय?

राजेश्री : झोपल्यात. रातीपासून कंबर लय दुखायलीय. मीच म्हणले, उठू नका.

बायनाबाई : मग ऱ्हाऊ दे. उद्या करीन.

राजेश्री : बरं. घाई न्हाई. मी बसते इथंच.

बायनाबाई : … हे खाली काय घातलंय? खरबरीत लागायलंय.

राजेश्री : नवी फरशी. पाय सरकू नये म्हणून.

बायनाबाई : लाल हाय का?

राजेश्री : दिसती तुमाला?

बायनाबाई : जराशी. माझी दोघं पोरं, राम अन् भागवत, बोलत्यात का आता?

राजेश्री : न्हाई अजून.

बायनाबाई : हं.

राजेश्री : पाणी गार व्हायलंय, आत्याबाई. पाठ तेवढी चोळू का? मग मी बाहेर जाते.

बायनाबाई : सविता खरंच झोपली?

राजेश्री : घोरायल्यात.

बायनाबाई : झोपू दे तिला. तू वत पाणी.