पेशींचे कान

आमच्या वेळी बायकांच्या दवाखान्यात सगळ्या खाली मान घालून बसायच्या. परवा माझ्या शेजारी बसलेल्या सासू-सुना मात्र मोकळेपणाने बोलत होत्या.

"आई, आज गर्भाशयाचं अस्तर पुरेसं वाढलेलं दिसलं तरच पुढचं औषध देणार, मग प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ आत सोडणार. मागच्या खेपेला रद्दच केलं."

"दोन्ही औषधं एकदमच घ्यायची होतीस, लवकर झालं असतं."

"तसं नाही हो चालत. पहिलं औषध अस्तर वाढवतं आणि तिथल्या पेशींना जणू कान देतं. मग दुसरं त्यांना सांगतं, गर्भासाठी तयार व्हा. कानच नसतील तर सांगून काय उपयोग?"

"तुझ्या सासऱ्यांना द्यायला हवं होतं ते पहिलं."

"आई!"

"बरं, सगळ्या पेशी ऐकतात का?"

"खालच्या थरातल्या ऐकतात आणि वरच्यांना निरोप देतात. मग वरच्याही बदलतात."

"म्हणजे शेजार चांगला हवा."

"हो. आणि आजही अस्तर वाढलं नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून. कंटाळला असाल ना तुम्ही?"

"मला काय सुया टोचतायत? जा, तुला बोलावतायत."

सून आत गेली. सासू तिची ओढणी मांडीवर घेऊन घडी घालत, मोडत बसली. दार उघडलं.

"काय गं?"

"कान आले, आई! आजपासून दुसरं औषध."

"मग आता घरात कुणी आवाज चढवायचा नाही. त्यांना नीट ऐकू दे."