हलकी सायकल

बायको : ही पण नको. उचलताना माझी कंबर बोलली. दुसरी काढा.

दुकानदार : काकू, आल्यापासून तुम्ही सायकली उचलूनच बघताय. एकीवर तरी काकांना बसवा.

बायको : बसतील हो. आधी वजन. पोटाचं ऑपरेशन झालंय त्यांचं. अंगात ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, रोज हलकी सायकल चालवा.

दुकानदार : इलेक्ट्रिक सायकल म्हटली की बॅटरी आली, मोटर आली. हलकी हवी तर ती कोपऱ्यातली बघा. एका हाताने उचलाल.

बायको : आणि किंमत?

दुकानदार : ती मात्र दोघांनी मिळून उचलावी लागेल.

नवरा : मी जरा बोलू का?

बायको : तुम्ही दमू नका.

नवरा : बोलून कोणी दमत नाही, तुझंच उदाहरण आहे. मला सांग, ‘हलकी’ हे विशेषण सायकलीचं, की चालवण्याचं?

बायको : झालं सुरू. भाऊ, यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. भूल उतरली तेव्हा शुद्धीवर आले ते शुद्धलेखनासकट. पहिलं वाक्य काय, तर खाटेवरच्या पाटीत वेलांटी चुकलीय.

नवरा : चुकली होतीच. पण इथे बघ, सायकल मला चालवायचीय, खांद्यावर घेऊन फिरायची नाही. जोर न लावता चालवा, असं म्हणायचं असेल त्यांना.

दुकानदार : काकांचं पटतंय.

बायको : तुम्हाला जड सायकल खपवायचीय.

दुकानदार : तेही आहेच. डॉक्टरांनाच फोन लावा ना.

बायको : लावते. तुम्ही दोघं गप्प बसा.

नवरा : काय म्हणाले?

बायको : हसले. सायकल लोखंडाची असली तरी चालेल म्हणाले, चढावर मोटरची मदत घ्यायची. मग विचारलं, सायकली उचलून बघत कोण होतं? मी म्हटलं, मी. तर म्हणे, उद्या कंबर दाखवायला या.

दुकानदार : मग ही घ्या. दुकानातली सगळ्यात स्वस्त आणि दणकट. पायडल मारलं तरच मोटर मदत करते. तुम्ही थांबलात की तीही थांबते.

नवरा : वा. आमच्या घरी मी थांबलो तरी मदत सुरूच असते.

बायको : म्हणजे?

नवरा : परवा केस कापायला गेलो, तर तू न्हाव्याला सांगितलंस, मान हळू वळवा. ऑपरेशन पोटाचं.

बायको : मान काय हवेत असते?

नवरा : राग मानू नकोस. मला त्या वळणापर्यंत एकट्याला जाऊन यायचंय.

बायको : आणि पडलात तर?

नवरा : तर उठेन. अजून जमतं का, तेच बघायचंय.

दुकानदार : काकू, मी मागे पळत जाऊ का?

बायको : नको. थांबा इथेच. मदत तेवढी सगळ्यात कमीवर ठेवून द्या त्यांना.

दुकानदार : ठेवली. जा काका. सावकाश... बघा, निघाले की.

बायको : घंटी कशाला वाजवतायत? रस्त्यावर चिटपाखरू नाही.

दुकानदार : मजा येत असेल.

बायको : वळले. दिसत नाहीत आता.

दुकानदार : येतील वळसा घालून. चहा सांगितलाय, बसा.

बायको : बसते. ऑपरेशनपासून मी चहा गरम असताना प्यालेच नाही बघा.