दिसायलाही नैसर्गिक, हातालाही नैसर्गिक

नाही, मला एक सांगा, नैसर्गिक म्हणजे नक्की कुणासारखं? निसर्गाने काय सगळ्या बायका एकाच साच्यातून काढल्यात? पण तो डॉक्टर बघा... माझ्या मुलीपेक्षा लहान, मिशी अजून येऊ की नको म्हणतेय, तो मला म्हणतो, ‘काकू, अजिबात काळजी करू नका! दिसायलाही नैसर्गिक, हातालाही नैसर्गिक!’ आणि असं म्हणून टेबलावर माझ्यासमोर चार गोळे मांडतो. पारदर्शक, थुलथुलीत, दिव्याखाली चकाकणारे... आणि वर म्हणतो, ‘दाबून बघा!’ अहो, तुम्हाला सांगते, भाजीवाला ओरडेल म्हणून मी जन्मात कधी टोमॅटो दाबून बघितला नाही, आणि इथं एक परका मुलगा, तोंडाने काकू म्हणतो आणि म्हणतो दाबून बघा!

थांबा, आधीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईला पेन्शनीत निघाल्यावर हे काय सुचलं! सुचलं नाही हो, भोगलं. गेल्या वर्षी डाव्या बाजूला गाठ निघाली, गाठ वाईट निघाली, डावी बाजू अख्खी काढली. झालं. ह्यावर मी जास्त बोलत नाही, कारण बोलायला लागलं की लोक मान तिरकी करतात. ती मान बघितलीय तुम्ही? आजारी माणसाशी बोलायची खास तिरकी मान असते... हां, ही! ही बघा, तिसऱ्या रांगेत एकांनी केलीच! सरळ करा ती. मी बरी आहे. गाठ गेली. गेलं ते फक्त... आता त्याला काय म्हणायचं हाही प्रश्नच. डॉक्टर ‘स्तन’ म्हणतात, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, नुसतं ‘ते’ म्हणतात, तेही दार लावून. आणि आमचे हे काहीच म्हणत नाहीत. ह्यांच्या लेखी तो विषय आधीही नव्हता, आता तर वस्तूही नाही.

आधी मला एक कापडी गोळा दिला होता, आतल्या कपड्यात ठेवायचा. ठेवला. आमच्या जुन्या ऑफिसात एकीचा निरोपसमारंभ होता, मला म्हणाले, दोन शब्द बोला. मी बोलायला उभी राहिले, आणि काय सांगू, लोक असे टक लावून ऐकत होते, असे टक लावून... मला वाटलं, काय रंगलंय माझं भाषण! घरी येऊन बघते तर गोळा जागेवर नाही! पिशवी उलटी केली, पलंगाखाली बघितलं, हे बॅटरी घेऊन जिन्यापर्यंत जाऊन आले, हॉलच्या रखवालदाराला फोन लावला, ‘अहो, आमची एक वस्तू राहिलीय का तिथं?’ तो म्हणतो, ‘काय वस्तू?’ आता काय सांगायचं, सांगा! शेवटी कपडे बदलताना सापडला. काखेत! काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत लिहिली होती, वापरायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी ठरवलं. म्हटलं, ऑपरेशन करून आतच बसवून घ्यायचं. मला काही कुणाला दाखवायचं नव्हतं हो. मला एवढंच हवं होतं की आरशापुढून जाताना घाई करावी लागू नये. होते तशी परत दिसावी. पूर्वीची मी. बस.

तर वन्सं काय म्हणाल्या? ‘अगं, आता ह्या वयात कोण बघणारंय?’ मुलगी म्हणाली, ‘आत्या, आई स्वतः बघेल ना!’ वन्सं म्हणाल्या, ‘स्वतःला काय बघायचं? मी काय बघते?’ आणि गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या.

तर ते चार गोळे. मी एकालाही हात लावला नव्हता, तोवर वन्संनी दोन उचलले! एक ह्या हातात, एक त्या हातात, वजन केल्यासारखे. ‘घ्यायचंच आहे तर भरीव घे गं. हा बघ. असला उगाच चोरटा कशाला?’ मुलीने फोन उघडला होता. ‘आई, हे थेंबासारखे आहेत ना, हे जास्त नैसर्गिक. वर निमुळते, खाली भरलेले. पण कधीकधी आतल्या आत फिरतात.’ म्हटलं, ‘फिरतात म्हणजे?’ म्हणाली, ‘म्हणजे उलटे होतात. भरलेला भाग वर.’ घ्या! म्हणजे मी जिन्याने खाली आणि ते वर! डॉक्टर म्हणाला, ‘क्वचितच हो, काकू! आणि दिसायलाही नैसर्गिक, हातालाही...’ म्हटलं, बाबा, पुढचं पाठ आहे मला.

आणि आमचे हे? हे भिंतीकडे बघत होते. भिंतीवर आग विझवायचं ते लाल नळकांडं असतं ना, त्याच्यावरच्या सूचना वाचत होते. वाचून झाल्या, परत वरून सुरू.

हे कोण, ते सांगते. हे मोजणी खात्यात होते. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. कुणाची हद्द कुठं संपते, कुणाची कुठं सुरू होते, चढ किती, उतार किती, सगळं डोक्यात. अजूनही रस्त्याने जाताना म्हणतात, ‘ही भिंत बाहेर आलीय.’ दुसऱ्याची भिंत वीतभर बाहेर आली तर ह्यांना चालता चालता दिसते. आणि घरातली बाई...? असो.

मग डॉक्टरने डोकं चालवलं. म्हणाला, ‘काकू, पूर्वी होतं तसंच हवं ना? सोपं आहे. जुने फोटो आणा, त्यावरून जुळवू.’ मला पटलं हो! मी जन्मभर ऑफिसात नकला विभागात होते. नक्कल करायची, मुळाशी ताडून बघायची, ‘खरी प्रत’ असा शिक्का मारायचा. मूळ समोर असल्याशिवाय शिक्का नाही, हा माझा नियम. साहेब आला तरी नाही! म्हटलं, बरोबर आहे पोराचं, मूळ बघायलाच पाहिजे.

घरी येऊन सगळे अल्बम काढले. मुलगी एका बाजूला, वन्सं एका बाजूला, मध्ये मी. आणि काय सांगू तुम्हाला... पहिला फोटो, ऑफिसचा. मी उभी, छातीशी फाइल. पुढचा, सहलीचा. मी उभी, छातीशी पर्स. तिसऱ्यात छातीशी मुलगी. चौथ्यात मुलगी मोठी झालीय तर शेजारणीचं मूल! पाचव्यात कुणाचंच मूल मिळालं नसावं, फुलांचा गुच्छ आहे. माझ्या निरोपाच्या फोटोत तर भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ धरलंय छातीशी, दहा वाजून दहा मिनिटं! मुलगी म्हणाली, ‘आई, अगं तू एका तरी फोटोत हात खाली सोडलेस का?’ नाही सोडले. सोळाव्या वर्षी कोणीतरी रस्त्यात काहीतरी म्हणालं, तेव्हापासून वह्या आल्या छातीशी, वह्यांच्या फायली झाल्या, सवयच पडली. चाळीस वर्षं जे झाकलं ते आता शोधतेय, आणि मूळ प्रत कुणी बघितलेलीच नाही. मीसुद्धा नाही हो! आंघोळ केली, कपडे घातले, ऑफिस गाठलं. बघत कोण बसलंय?

परत गेलो डॉक्टरकडे. म्हटलं, ‘फोटो नाहीत.’ तो म्हणाला, ‘हरकत नाही,’ आणि अशी खुर्ची फिरवली... ह्यांच्याकडे! ‘काका, तुम्ही सांगा. पूर्वी कसं होतं?’

वन्संनीसुद्धा हातातला गोळा खाली ठेवला. मी जमिनीकडे बघतेय. पण कान? कान असे टवकारलेले! म्हटलं, आता कळेल. पस्तीस वर्षं एका घरात, एका पलंगावर काढली, कधी एका शब्दाने बोलला नाही हा माणूस, आज कोर्टात साक्ष द्यावी तसं बोलावंच लागणार. कसं होतं? गोल होतं? लहान होतं? चांगलं होतं? काहीतरी म्हणा हो! वाईट होतं म्हणा! ह्यांनी लाल नळकांड्यावरची नजर काढली, घसा खाकरला, आणि म्हणाले,

‘ठीक होतं.’

ठीक होतं! अहो, वाण्याकडचा तांदूळ ठीक असतो, घराचा रंग ठीक असतो! डॉक्टर बिचारा पेन घेऊन थांबलेला. ‘म्हणजे, काका... आकाराला?’ ‘आकाराला ठीक.’ ‘आणि... हाताला?’ हे म्हणाले, ‘मी बाहेर बसतो.’ आणि गेले! आता सांगा, ‘ठीक’ मापाचा गोळा कुठल्या कंपनीचा येतो?

त्याच दिवशी मी डॉक्टरला दुसरं विचारलं. म्हटलं, ‘बाळा, हाताला नैसर्गिक म्हणतोस, पण मला तिथं काही कळेल का? हात लावला तर? गार, गरम?’ तर पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा खाली आला. म्हणाला, ‘काकू, खरं सांगतो. तिथल्या नसा गेल्यात. थोडं येईल कदाचित... पण तसं नाही कळणार.’ म्हणजे आलं का लक्षात? हाताला नैसर्गिक, पण माझ्या छातीला नाही. ज्याचा हात लागेल त्याच्या हाताला. आणि ज्याचा लागायचा तो बाहेर बाकावर बसलाय, दुसऱ्या नळकांड्यावरच्या सूचना वाचत! मग हे नैसर्गिक आम्ही करतोय कुणासाठी?

एवढ्यावर थांबला का? नाही! म्हणतो, ‘नवी बाजू जरा उंच, ताठ दिसेल. म्हणून उजवीही थोडी उचलून घेऊ. दोन्ही जुळतील.’ म्हणजे बघा, खोटी खऱ्यासारखी दिसेना म्हणून खरी खोट्यासारखी करायची! म्हटलं, नक्कल मुळाशी जुळली नाही तर आम्ही नक्कल फाडत होतो, मूळ नाही. उजवीला हात लावायचा नाही. ती बिचारी एकटीच राहिलीय, तिचा काय दोष?

शेवटी मी गोलच घेतला. मध्यम. फिरला तरी गोलच राहील, एवढा एक हिशोब मला कळला. ऑपरेशन झालं. आणि खोटं कशाला बोलू, हे त्या दिवसांत माझ्यासाठी खपले. औषधं वेळच्या वेळी, उशी पाठीला, जेवण हातात. मला हात वर करता येईना तर कपड्यांची बटणंसुद्धा लावून दिली... डोळे मिटून! अहो, खरंच डोळे मिटून! रोज एक बटण वर, एक खाली, आणि मी दिवसभर तिरकी.

पट्ट्या निघाल्या. डॉक्टर चार पावलं मागे सरला, चित्रकार बघतो तसा, आणि म्हणाला, ‘वा!’ फोटोही काढला. माझ्या आयुष्यातला हा पहिला फोटो ज्यात माझ्या छातीशी फाइल नाही. आणि ह्यात डोकंच नाही! तसाच काढतात म्हणे, मानेखालचा. म्हणजे फाइल होती तेव्हा तोंड होतं, आता छाती आहे तर तोंड नाही. पूर्ण मी कुठल्याच फोटोत नाही.

घरी आले. आरशापुढे उभी राहिले. पूर्वीसारखी दिसते का? काय माहीत! पूर्वीची कुणाला माहितीये? वन्सं म्हणाल्या, ‘बरी आहे. पण मी म्हटलं तो भरीव घेतला असतास तर...’ मुलगी म्हणाली, ‘आई, मस्त!’ पण मुलगी आहे हो, ती म्हणणारच. मग एके संध्याकाळी घरात आम्ही दोघंच. मी नवा ड्रेस घातला, जरा अंगाबरोबर बसणारा, आणि गेले ह्यांच्यासमोर. दोन्ही हात खाली सोडून! जन्मात पहिल्यांदा!

म्हटलं, ‘अहो.’

पेपराआडून, ‘हं.’

‘बघा.’

पेपर खाली आला. हे मला बघतात. मी ह्यांना बघते. आणि तुम्हाला सांगते... हा माणूस उठला. चष्मा बदलला. दोन पावलं मागे गेला, एक डोळा बारीक केला, जमीन मोजताना करायचे ना, तसा, मन लावून! पस्तीस वर्षांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. माझ्या तर डोळ्यांत पाणी यायचं बाकी. मग हळूच बोट पुढे केलं, लाजत लाजत, आणि म्हणाले, ‘अगं... कमाल केली त्या पोराने! काय सुंदर झालीय! किती खरी वाटते! खरं सांगू? त्या दुसरीपेक्षा ही जास्त छान आहे.’

आणि बोट कुठं? उजवीकडे! माझ्या उजवीकडे! जी माझी, जन्मापासूनची, जिला कुणी सुरी लावली नाही, तिच्याकडे! अहो, नकाशात डावं ते डावंच असतं. माणसं समोरासमोर उभी राहिली की डावं-उजवं उलटं होतं, पण ते कळायला आधी कधीतरी समोरासमोर उभं राहिलेलं असावं लागतं ना!

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक झालं हो माझ्या खरीचं... आणि तेही ती खोटी आहे असं समजून. आता काय सांगणार? खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं, पण ह्यांचा चेहरा बघितला, इतके खूश, इतके खूश... म्हटलं, ‘हो ना! दिसायलाही नैसर्गिक, हातालाही नैसर्गिक.’

आता रोज सकाळी चहाचा कप देतात, उजवीकडे बघतात, आणि काळजीने विचारतात, ‘आज कशी आहे गं?’

मी म्हणते, ‘ठीक आहे.’