इल्फर्डच्या पंगतीतली अमेरिका

आमच्या हिनं लंडनजवळच्या इल्फर्डच्या मराठी मंडळात अमेरिका कशी आणली, ते ऐका आधी. चहा काय, होतोच आहे.

आमची नात इशा परीक्षेसाठी अमेरिकेचा इतिहास घोकत होती. महायुद्धानंतर तिकडं घरोघरी फ्रिज आले, दारात गाड्या आल्या, पण काळ्या लोकांना हॉटेलात गोऱ्यांसारखं काउंटरपाशी बसून खायला बंदी. मग त्यांची कॉलेजची पोरं तिथं जाऊन बसली. उठवलं तरी उठेनात. पुढं कायदाच बदलला म्हणे! मी सातवी नापास, मला सगळंच नवीन.

इशा म्हणाली, "पण आबा, मंडळात आजीपण लास्टच जेवते ना? जेन्ट्स आधी."

खरं होतं. चाळीस वर्षांत हिनं तिथली पुरणपोळी गरम खाल्ली नव्हती. मी लगेच काडी टाकली, "मग बस की पहिल्या पंगतीला!"

रविवारी ही खरंच बसली. बघता बघता शेजारी अकरा बायका. अध्यक्ष धावत आले. "वहिनी, ही पुरुषांची पंगत आहे. उठता का?"

"अमेरिकेत उठले नव्हते," ही म्हणाली.

अध्यक्षांचं तोंड बघून मी इतका हसलो, की कवळी हातानं धरावी लागली. तेवढ्यात हिची हाक, "अहो, हसताय काय? तूप वाढा!"

वाढलं. तिसऱ्या पोळीवरही वाढलं. शेवटी भूक आवरेना, तेव्हा विचारलं, "अगं, आमची पंगत कधी?"

ही बोटं चाटत म्हणाली, "तिकडं कायदा बदलायला वर्षं लागली. तुम्हाला तासभर थांबता येत नाही?"