ट्रंककॉलवरची सोयरीक

न्हाय, तुमीच सांगा मंडळी, एक 'व्हय' म्हणायला माणसाला किती ताकद लागती? घरात बसून म्हणलं तर भिंतीपलीकडं जायचं न्हाय एवढासा शब्द! पण त्योच शब्द कळंबला पोचवायचा म्हणून ह्या ज्ञानोबानं आमच्या ईट गावच्या पोष्टात उभं राहून अशी काय बोंब मारली, अशी काय बोंब मारली, की माळावरची गुरं येळेआधीच घराकडं फिरली! तवा घसा बसला त्यो अजून धड उठला न्हाय. बायको हळद-दूध देती आन् वर इचारती, "मधी तार असताना वरडायचं कशाला म्हणते मी?" आता हिला काय सांगावं? गावात टेलिफोन आलाय! सुधारणा हाय, बोलायचं न्हाय!

तुमाला सांगतो, त्या डब्याचं आन् माझं काय वैर न्हाय. घोटाळा केला त्यो साहेबानं. टेलिफोन सुरू करायला आला, गळ्यात हार पडला, म्होरं अख्खं गाव बसलेलं, मग सोडतोय व्हय? म्हणला, "बंधुभगिनींनो, जग किती पुढं चाललंय! अमेरिकेत माणूस चालत्या मोटारीत बसून टेलिफोनवर बोलतो. जर्मनीत नुसता आकडा फिरवला की दुसऱ्या गावचा माणूस हजर! जपान लढाईत बेचिराख झाला, त्यानं पुन्हा गावोगाव तारा ओढल्या. आणि आता तर आभाळात एक गोळा सोडलाय, समुद्राच्या अलीकडचं बोलणं पलीकडं पोचतं!" आमी समदे तोंड उघडं टाकून आभाळाकडं बघायलो. गोळा काय दिसंना. खाली बघितलं तर टेबलावर एक काळा डबा, त्याच्या कुशीला एक दांडा, आन् दांडा धरून आमचे पोष्टमास्तर मुनवरभाई घामाघूम. फिरवतेत... फिरवतेत... आतून नुसतं खर्रर्र! साहेब म्हणला, "लाइन बिझी आहे." पयल्याच दिवशी! ज्या लाइनीत अजून एकबी माणूस बोलला न्हाय, ती कशानं बिझी असंल हो? पण टाळ्या वाजवल्या आमी. सुधारणा हाय, बोलायचं न्हाय!

आता माझी कथा ऐका. मला लेक एकच, गजरा. सातवी पास. तिला बघायला कळंबचे बलभीमराव आले, पोराला घेऊन. पोरगा शाळेवर मास्तर, तंबाखूला शिवत न्हाय, खाली मान घालून पोहे खाल्ले आन् ताटली आपल्या हातानं उचलून कडंला ठिवली. असा जावई कुठं मिळतोय? गजरा तोंडानं काय बोलली न्हाय, पण पाव्हणे गेल्यावर चुलीम्होरं बसून गाणं गुणगुणायली, आन् तव्यावरली भाकर करपून घरभर धूर झाला तरी हिला पत्ता न्हाय. काय समजायचं ते आमी समजलो. पण म्हणून लगीच होकार देता येतोय का? पोरीच्या मामाला न इचारता सोयरीक केली तर त्यो ऐन मांडवात रुसून बसणार! बलभीमरावबी रीतीचा माणूस. जाताना म्हणले, "इचारा की मामाला, घाई न्हाय. पण बुधवारी दिवस मावळायच्या आत कळवा, न्हायतर भूमचं एक स्थळ थांबलंय, त्यांना शब्द द्यावा लागंल." म्हणजे घाई न्हाय, पण बुधवार हाय!

मामा उगवला बुधवारी. जेवला. ढेकर दिला. पान लावलं, पान खाल्लं, पिचकारी मारली, आन् मग म्हणला, "द्या की, मी कुठं नको म्हणतोय?" झालं! आता काम काय? कळंबची एस.टी. धरायची, बलभीमरावांच्या ओसरीवर जाऊन टेकायचं, पाणी प्यायचं, व्हय म्हणायचं. गाडीबी उभीच होती. डायव्हर आयुब आपल्या वळखीचा. त्यानं हाक मारली, "चलो ज्ञानोबा, जागा हाय!" आन् म्या काय म्हणावं? धोतराचा सोगा हातात धरून, ऐटीत... "न्हाय रे आयुब, आपल्याला फोन करायचाय!" आयुबनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, सलाम ठोकला आन् गाडी सोडली. डोळ्यांदेखत गेली गाडी! अमेरिकेतला माणूस मोटारीत बसून फोन करतोय, आन् म्या फोन करायचा म्हणून मोटार सोडली!

गेलो पोष्टात. फोन करायचा म्हणजे कसं, तर आधी नंबर लावायचा. मुनवरभाई दांडा फिरवून मधल्या एक्सचेंजवरच्या बाईला सांगणार, ती बाई कळंबला सांगणार, कळंबला बलभीमरावांच्या शेजारी धान्याची आडत हाय, फोन त्या आडतीत, मग आडतीतला माणूस वहाणा घालून बलभीमरावांना बोलवायला जाणार. तवर आपण काय करायचं? बसायचं. म्या बसलो. मला बघून आणिक चौघं बसले. ज्ञानोबा फोन करतोय म्हणल्यावर पारावरची झाडून सारी माणसं पोष्टाच्या ओट्यावर, बायापोरी खिडकीशी, आन् एक म्हातारी तर घरनं शेंगा घेऊन आली. मुनवरभाई म्हणले, "अरे भाई, ये सरकारी कचेरी है, तमाशा नाही!" आन् त्यांनीबी मूठभर शेंगा घेतल्या.

वाजली घंटा! "आओ ज्ञानोबा, जल्दी! तीनच मिनिट मिळतेत!" म्या धावलो, माझ्या मागं बायको, कडूबाई. ती दारातच थांबली. पायातलं काढलं, डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढला. म्हणलं, "हे काय गं?" तर म्हणती, "आत पाव्हणे हायत न्हवं?" डब्यात!

कानाला लावला. कळंब लांब, म्हणून बेंबीच्या देठापासून वरडलो, "हॅलो! राम राम पाव्हणे!" तिकडनं, "राम राम, राम राम!" आता मला सांगा, राम राम म्हणलं आन् लगीच मुद्द्यावर उडी मारली, तर त्याला माणूस म्हणतेत का? इचारपूस नको का करायला? केली. "तब्येतपाणी?" "बरं हाय." "मंडळी?" "बरी हायत." "ज्वारी?" "निघाली." "बैलाचा खांदा सुजला होता, त्यो?" "उतरली सूज." झालं माझं. मग त्यांची पाळी. त्यांनी कडूबाईचं इचारलं, मेव्हण्याचं इचारलं, गाभण शेळीचं इचारलं. मागनं कडूबाई मला ढोसायली, "अवो, नुसते बोलत काय उभे राहिलाव? पाव्हण्यास्नी च्याचं तरी इचारा!" आन् म्या इचारलं! "पाव्हणे, च्या झाला का?" "झाला की. तुमी या इकडं च्याला." "न्हाय न्हाय, आधी तुमी." "आवं, आधी तुमी!"

मुद्दा? व्हय व्हय, मुद्दा! मुद्द्याचं असं हाय मंडळी, पोरीच्या बापानं पयल्याच दमाला 'व्हय' म्हणलं तर लोक म्हणतेत पोरगी घरात जड झाली. आन् लोक तर तिथंच बसलेत, शेंगा फोडत! पोराच्या बापानं आपण होऊन इचारावं, तर त्याच्या पोराला कुणी पोरगी देत न्हाय असा अर्थ. म्हणजे ते इचारतेल म्हणून म्या थांबलोय, म्या सांगंन म्हणून ते थांबलेत. ओसरीवर असं सांज होईस्तोवर चाललं तरी काय बिघडत न्हाय. पान फिरतंय, मधीच एखादा म्हातारा खाकरून म्हणतोय, "मग पाव्हणे, काय ठरलं?", आन् गाडी रुळावर येती. तारेत खाकरायला कोण बसवलाय? बसवला होता की! मधीच एक बारीक आवाज आला, साखरेत घोळलेला, "तीन मिनिटं झाली..." आन् खट्ट! ही ती मधली बाई. आमचा बैल, आमची शेळी, समदं बसून ऐकलं हिनं!

मुनवरभाईंनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! ज्ञानोबा, बैल का पूछा, बकरी का पूछा, लडकी का क्या?" म्हणलं, "लावा परत." परत दांडा, परत खर्रर्र, परत कळंबच्या आडतीतला माणूस वहाणा घालणार. इकडं दिवस खाली सरकायला. आयुबची गाडी त्या टायमाला कळंबला पोचली असंल, आन् त्यो निवांत बशीनं च्या ओढत असंल. सुधारणा हाय, बोलायचं न्हाय!

दुसऱ्यांदा घंटा झाली. म्या मनाशी घट्ट केलं, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, आता राम रामबी न्हाय, थेट होकार. पण कानाला लावतोय तर बलभीमरावांचा आवाज काठीसारखा ताठ! "ज्ञानोबा, मघाशी तुमी आमच्या बैलाचं इचारलं. आमच्या थोरल्या आईचं न्हाय इचारलं. ती इथं पोत्यावर बसून ऐकायली."

मेलो! घरातली समद्यांत वडीलधारी म्हातारी, आन् म्या तिच्याआधी बैलाचा खांदा इचारला! आता भरपाई करावी लागती का न्हाय? इचारलं तिचं. दमा कसा हाय, दाढ कशी हाय, झोप लागती का, भाकर पचती का. म्हातारी तिकडं एकेक उत्तर दमादमानं देणार, बलभीमराव ते मला सांगणार, आन् म्या इकडं "व्हय का? आरं आरं!" म्हणणार. दिवस पार झाडांच्या खाली उतरला. ओट्यावरनं कुणीतरी म्हणलं, "गेलं म्हणायचं स्थळ भूमला." म्या खिडकीकडं बघितलं, तर माझी गजरा बायांत उभी, खिडकीचा गज घट्ट धरून, तोंड एवढंसं झालेलं. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांना पाणी आलं. एवढासा शब्द तोंडात हाय, पोरीचं समदं सुख त्याच्यात हाय, आन् म्या म्हातारीच्या दाढंत अडकलोय!

तेवढ्यात मधली बाई आली. म्या म्हणलं, आता ही म्हणणार, तीन मिनिटं झाली. न्हाय! हिचा आवाज आता साखरेतला राहिलाच न्हवता, पार ओट्यापर्यंत ऐकू गेला. म्हणली, "अहो बाबा, मघापासून ऐकतेय मी! माझं डोकं उठलं! तुम्हाला पोरगी द्यायची आहे की नाही?"

गार! ईटबी गार, कळंबबी गार. शेंगा फोडायच्या थांबल्या. ना वळखीची, ना पाळखीची, ना भावकीतली, अशा बाईनं भर लाइनीत असं इचारल्यावर कोण बोलंल? आन् माझ्या हातातला फोन कुणीतरी काढून घेतला. बघतोय तर गजरा! आत कवा आली ते बी कळलं न्हाय. कानाला लावला आन् म्हणली, "मामंजी, मी गजरा. मामाचा होकार हाय, दादांचा हाय, माझाबी हाय. उद्या सुपारी फोडायला या. ठेवते." आन् ठिवलासुदिक!

मामंजी! सुपारी फुटायच्या आधी मामंजी! कडूबाई मटकन खालीच बसली. शेंगावाली म्हातारी म्हणली, "अगं बया बया, नवरी बोलली!" मुनवरभाई तेवढे म्हणले, "शाब्बास बेटी!", पण त्यांना काय, त्यांची पोरगी थोडीच होती? संबंध गावाचं एकमत पडलं, की आता हे लगीन काय होत न्हाय. ज्या पोरीनं सासऱ्याला हुकूम सोडला, तिला सून कोण करंल? गजरा घरी जाऊन चुलीम्होरं बसली. गाणं न्हाय, काय न्हाय. माझ्याकडं वर बघंना.

दुसऱ्या दिवशी आयुबची गाडी आली. आयुब लांबूनच हॉर्न वाजवायला, जसं काय वरात घेऊन आलाय! दार उघडलं. आधी नारळाची पिशवी, मग बलभीमराव, मग त्यो मास्तर पोरगा, आन् मग दोघांनी धरून उतरवलेली थोरली आई, दमा-दाढेसकट. म्या हात जोडले, म्हणलं, "पाव्हणे, पोरीचं चुकलं, पदरात घ्या." तर बलभीमराव म्हणतेत, "ज्ञानोबा, आमच्या घराण्यात मुद्द्याचं बोलणारं माणूस आजवर जल्मलं न्हाय. थोरल्या आईनं रातीच सांगितलं, ही पोरगी सोडायची न्हाय." झाली सोयरीक. लगीनबी झालं, मामा मांडवात रुसलाबी न्हाय. आन् माझी गजरा गेली कळंबला.

आता घरात म्या आन् कडूबाई. ती कोपऱ्यात, म्या उंबऱ्यात. पोरगी न्हाय तर घर खायला उठतंय हो! मग म्या काय करतो, बाजाराच्या दिवशी पोष्टात जातो, नंबर लावतो, मुनवरभाई दांडा फिरवतेत, आडतीतला माणूस वहाणा घालतोय, समदं रीतसर! मला इचारायचं असतंय, करमतंय का गं, पोटभर जेवतीस का, सासू रागं तर भरत न्हाय? सांगायचं असतंय की शेळीला दोन करडं झाली, एकाचे कान पांढरे हायत. फोन कानाला लावतो, आन् तिकडनं आवाज येतो, "दादा, मी बरी हाय, समदे बरे हायत, आईला जपा, ठेवते." "अगं थांब, गजरा..." खट्ट! अशी मुद्द्याची पोरगी! त्या साहेबाच्या अमेरिकेत, जपानात, जर्मनीत बापलेक असंच बोलत असतेल का हो? आन् असंच बोलायचं, तर आभाळात गोळा कशाला सोडला?

म्या फोन धरून तसाच उभा. मग ती मधली बाई म्हणती, "बाबा, त्यांनी ठेवला. तुमची वेळ अजून शिल्लक आहे." आता तीन मिनिटांचा पैसा तर भरलाय. फुकट घालवायचा का? म्हणलं, "बरं बाई, मग तुमच्या घरी कसं काय?" पयल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा सांगायली. आता तर नंबर लावायच्या आधीच सांगती.

तर असं हाय मंडळी. पोटची पोरगी दिली कळंबला, आन् मला खुशाली कळती ती कुठल्या गावच्या त्या बाईच्या सासूच्या गुडघ्याची!

उतार हाय म्हणे आता.