रिकामी तिरडी

अथेन्सच्या चौकात युद्धात पडलेल्यांच्या अस्थी मांडवात ठेवल्या होत्या. आपल्या माणसाला काही वाहायला लागलेल्या रांगेत माझ्यापुढे तरुण मेलिता आणि म्हातारी निकेसो.

“मावशी, पोळी करपलीय तुमची.”

“माझ्या लेकाला मधाची पोळी करपलेलीच लागते. तू काय आणलंस?”

“तेलाची कुपी, नवऱ्यासाठी. पण ठेवू कुठे? आमच्या आयांतिस कुळातल्या सगळ्यांची हाडं एकाच ढिगात आहेत.”

“अगं, आमचंही कुळ तेच!”

“मग लेकाला ओळखलंत?”

“तो सापडलाच नाही. न सापडलेल्यांसाठी ती रिकामी तिरडी मांडलीय ना, तिथे ठेवीन पोळी.”

“रिकाम्या तिरडीवर कुणाला पोचणार? आमच्या ढिगापाशी ठेवा. कुणी सांगावं, तुमचाही चुकून त्यातच असेल.”

“नको.”

“असं काय करता? उद्या सगळ्यांना एकाच सरूच्या पेटीत घालतील. सोबत तरी होईल त्याला.”

“पेटीला झाकण ठोकतात, बाई.”

“ते ठोकतातच.”

“तिरडीवरून माणसाला उठून घरी येता येतं.”

मेलिताने पोळीवरची माशी हाकलली.

“सरक पुढे. तुझा नंबर आला.”