बिहीच्या झाडाला शाल

सासूबाई : झाडाच्या अंगावर ही शाल कोणाची?

जावई : गिऱ्हाइकाची. धुवायला टाकून गेलं, ते परत फिरकलंच नाही. शुद्ध लोकर आहे, आई.

सासूबाई : मी शालीची चौकशी करत नाहीये, जावईबापू. बिहीच्या झाडाला शाल कशाला, ते विचारतेय.

जावई : थंडी पडलीय ना. तुम्ही गावाहून ही कुंडी पाठवलीत तेव्हाच ठरवलं, याला वारा लागू द्यायचा नाही. आता सगळ्यात उबदार जागा कुठली? आपल्या लाँड्रीतली ही इस्त्रीची खोली. शेजारी बॉयलर, दिवसभर वाफ. तो काटा बघा, तीस अंश. बाहेर लोक कुडकुडतायत.

लेक : मी सांगून थकले, आई. तान्ह्या बाळाचं करणार नाही कोणी, इतकं करतात त्याचं. सकाळ-संध्याकाळ पानांना वाफारा.

जावई : एक पान गळू दिलं नाही मी. रस्त्यावरची झाडं बघा, सगळी बोडकी.

सासूबाई : सफरचंदाच्या जातीचं झाड हे, हिवाळ्यात बोडकंच व्हायचं असतं त्याला. पानं गाळायची, झोपायचं, चांगला कडाक्याचा गारवा अंगावर घ्यायचा, मग थंडी सरली की कळ्या डोळे उघडतात. तुम्ही त्याला रात्रपाळीला लावलंय.

लेक : घ्या.

सासूबाई : आणि पानांवर हे तपकिरी ठिपके कसले?

जावई : त्यावर इलाज चालू आहे.

सासूबाई : कसला इलाज?

लेक : सांगा ना. आता का दातखीळ बसली?

जावई : डाग दिसला की माझा हात थांबत नाही, आई. आधी साबणाचं पाणी लावलं. मग डाग काढायचं औषध. अगदी पातळ करून हं.

सासूबाई : मग, डाग निघाला?

जावई : नाही. पान निघालं.

सासूबाई : अहो, बुरशी आहे ती. हवा दमट असली, पानावर ओल राहिली की धरणारच. बिहीला मुळाशी ओल चालते, डोक्यावर नाही. उन्हाळ्यात भरपूर ऊन, फांद्यांमधून खेळता वारा, हिवाळ्यात थंडी. एवढंच मागतं बिचारं. बरं, माझी खोली कुठली म्हणालात?

लेक : ते नंतर बघू गं. आधी हातपाय धू, चहा घे.

सासूबाई : नंतर कशाला? तिकडचं घर सोडायचं की नाही, ते आजच ठरवायचंय मला. शेजारणीला सांगून आलेय, खोली बघते, नाही पटली तर संध्याकाळच्या गाडीने परत.

जावई : ही काय, शेजारचीच.

सासूबाई : या भिंतीपलीकडची?

जावई : बॉयलरला लागून. भिंत कायम कोमट. हात लावून बघा.

सासूबाई : खिडकी?

जावई : होती. झुळूक यायची तिच्यातून, म्हणून बुजवून घेतली.

(पलीकडे बॉयलर फुसफुसतो.)

सासूबाई : झाडाचं हे केलंत. मला कुठलं औषध लावणार आहात?

लेक : आई, असं नको ना बोलू. मन चांगलं आहे त्यांचं.

सासूबाई : चांगलंच आहे. त्याचीच धास्ती वाटते. वाईट मनाच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणता येतं.

जावई : एक बोलू का? मला माझी आई आठवत नाही. आई म्हणून हाक मारली ती तुम्हालाच पहिल्यांदा. तुम्ही झाड आधी पाठवलंत, मला वाटलं, माझी परीक्षा बघताय. झाड जगलं तर तुम्ही येणार, मेलं तर नाही. म्हणून जिवापाड जपलं हो.

सासूबाई : परीक्षा कसली डोंबलाची. टेम्पोवाला मोकळा जात होता, म्हणून दिलं त्याच्याकडे.

लेक : आई, गच्चीवर एक खोली आहे. तीन बाजूंनी खिडक्या. हे म्हणाले, तिथे गारठून जाशील, तुला दाखवायचीच नाही.

सासूबाई : किती गार असते?

जावई : पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो.

सासूबाई : आणि हे मला आत्ता सांगताय? काढा ती शाल. एकदम थंडीत नेऊ नका, बिचकेल. थोडे दिवस जिन्यात ठेवा, आडोशाला. सवय झाली की वर, माझ्या दाराशी.

जावई : तुमच्या दाराशी म्हणजे... राहणार तुम्ही?

सासूबाई : याला फूल यायला अजून दोन-तीन हिवाळे तरी जातील. मधेच उठून कशी जाऊ?

लेक : आणि फूल आल्यावर?

सासूबाई : मग फळ धरेल. ते दगडासारखं कडक, तुरट. मंद आचेवर शिजवत बसलं की गुलाबी होतं, गोड होतं. घाई चालत नाही त्याला. तुझ्या नवऱ्याच्या हातात दिलं तर इस्त्री करून घडी घालून ठेवेल.

जावई : मी गादी वर नेतो, आई.